परसात रात्री नक्की कोण येतंय?

परसातला (धागाकर्ता) | मंगळवार, सकाळी ७:१०

मंडळी, जरा मदत करा. शहरातलं बिऱ्हाड मोडून दीड वर्ष झालं. आता आई आणि मी गावाकडच्या घरी असतो. घर वस्तीच्या अगदी कडेला. मागे परस, परसाला लागून ओढा, ओढ्यापलीकडे झाडोरा. एक कुत्रा आहे, तो रात्री मागच्या पडवीला बांधलेला असतो.

गेले पंधरा दिवस रात्री कुणीतरी येऊन जातंय. पिकायला लागलेली पपई सकाळी अर्धी पोखरलेली. विहिरीच्या कठड्यावर रोज एकाच जागी बोटभर लांब विष्ठा आणि तिच्यात बियाच बिया. सुरणाच्या वाफ्यात हातभर खड्डे. चिकूखाली चावून चावून थुंकलेले चोथ्याचे गोळे. आणि दोनच्या सुमाराला माळ्यावर धावपळ. उंदीर नक्की नाही, उंदराच्या पावलांना इतकं वजन नसतं.

शेजारचे दादा म्हणतात बिबट्या. आई म्हणते मांजर. मी दोन रात्री टॉर्च घेऊन बसलो, डास सोडून कुणी भेटलं नाही. फोटो खाली टाकलेत. कोण असेल?

उसाचाफड | मंगळवार, सकाळी ७:३२

बिबट्या पपई खायला लागला असेल तर सांगा, बांधावर चार झाडं लावतो त्याच्यासाठी. ऊस तरी मोकळा होईल.

पावशा | मंगळवार, सकाळी ७:४०

घूस. डोळे झाकून सांगतो. खड्डे काय, माळा काय, सगळं घुशीचंच काम.

टिटवी | मंगळवार, सकाळी ८:०५

पावशा, डोळे झाकूनच सांगितलंत. घूस रोज विहिरीच्या कठड्यावर चढून एकाच जागी कशाला बसेल?

दादा, विष्ठेचा फोटो मोठा करून पाहिला. बिया अख्ख्या आहेत, चावलेल्या नाहीत. हे उदमांजर. पिकलेलं फळ खातं, गर पचतो आणि बी जशीच्या तशी बाहेर पडते. त्याची खोडच अशी की उंच, उघड्यावरची जागा धरायची, म्हणजे दगड, आडवा ओंडका, भिंत, आणि पुन्हा पुन्हा तिथेच यायचं. आमच्याकडे पाण्याच्या टाकीचं झाकण धरलं होतं. नावात मांजर असलं तरी ते मांजराच्या कुळातलं नाही. म्हणजे तुमच्या आईंचं निम्मं बरोबर.

माळ्यावरही तेच असण्याची शक्यता जास्त. दिवसा झाडाच्या ढोलीत झोपतं, आणि ढोली नसली की कौलाखालची पोकळी त्याला तितकीच आवडते.

शहरीपाव्हणा | मंगळवार, सकाळी ९:१५

उदमांजर म्हणजे नदीत मासे धरतं तेच ना? ते माळ्यावर काय करतंय?

टिटवी | मंगळवार, सकाळी ९:२१

ते पाणमांजर. त्यालाही काही ठिकाणी ऊद म्हणतात, त्यामुळे हा घोळ कायमचा. हे झाडावर चढणारं, पाण्याशी याचा संबंध प्यायपुरता. काळपट करडं अंग, डोळ्यांभोवती फिकट पट्टे, शेपूट अंगाएवढी लांब. वजन ३-४ किलो, पण कौलांवरून पळताना दहा किलोचं वाटतं.

जुनाबीटगार्ड | मंगळवार, दुपारी १:५०

वनखात्यात तीस वर्षं बीटावर काढली. त्यातून लागलेली एक सवय सांगतो: सगळ्या खुणा एकाच चोराच्या नावावर लिहू नका. तुम्ही एक जनावर शोधताय. मला फोटोत निदान तीन दिसतात.

चोथ्याचे गोळे वटवाघळाचे. ते फळ तोंडात दाबून रस गिळतं आणि चोथा थुंकतं. झाडाखाली असे गोळे दिसले की दुसरा विचार करायचा नाही. उष्टं फळ मात्र उचलून खाऊ नका आणि गुरांपुढेही टाकू नका. निपाहचा विषाणू फळं खाणाऱ्या वटवाघळांत असतो. एवढी काळजी पुरे. वटवाघळं मारत सुटायची गरज नाही.

विष्ठेबद्दल टिटवीताईंशी सहमत. पपई उदमांजराची किंवा वटवाघळाची, दोघांचीही असेल.

सुरणाच्या खड्ड्यांबाबत थांबा. साळिंदर असेल किंवा रानडुक्कर. डुक्कर नाकाने जमीन उलथतं, वाफा नांगरल्यासारखा दिसतो. साळिंदर एका जागी नखांनी खोल उकरतं आणि कंद तिथेच बसून कुरतडतं. उरलेला तुकडा हातात घेऊन पाहा. पटाशीच्या दातांचे शेजारी शेजारी चरे दिसले तर साळिंदर. काटा सापडला तर प्रश्नच मिटला. आणि साळिंदर काटे फेकून मारतं ही गोष्ट विसरा. ते काटे फुलवून पाठमोरं अंगावर येतं, सैल काटे समोरच्याच्या कातडीत राहतात. कुत्र्याचं तोंड काट्यांनी भरलेलं पाहिलं की लोकांना वाटतं लांबून मारले.

आता काम सांगतो. ओढ्याकडून येणाऱ्या पायवाटेवर दोन हात लांब, एक हात रुंद पट्टा आखा. बारीक चाळलेली माती पसरा, फळीने सारखी करा. हे संध्याकाळी. सकाळी ऊन तिरपं असतानाच जाऊन पाहा, डोक्यावर आलेल्या उन्हात ठशाला सावली नसते आणि सावलीशिवाय ठसा वाचता येत नाही. शेजारी आगपेटी ठेवून बरोबर वरून फोटो घ्या.

कुत्रा, कोल्हा, तरस यांची नखं मातीत उमटतात. मांजराच्या कुळात चालताना नखं आत असतात, आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन उंचवटे दिसतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा. उदमांजराला पाच बोटं. मुंगसालाही पाच, पण मुंगूस दिवसाचा गडी आहे, रात्री दोनला माळ्यावर नाचणार नाही. करा आणि कळवा.

परसातला | मंगळवार, रात्री ८:३०

काका, पट्टा केला. आईने विचारलं, रांगोळी काढणार आहेस का.

उसाचाफड | बुधवार, सकाळी ६:५५

तुमचं पपई-चिकूचं चाललंय, गंमत वाटते वाचायला. गेल्या आठवड्यात डुकरांच्या कळपाने एका रात्रीत माझा मक्याचा पट्टा आडवा केला. खाल्ला थोडा, तुडवला जास्त. पंचनाम्याला माणूस आठव्या दिवशी आला, तोवर पावसाने खुणा धुतल्या होत्या. म्हणाला, डुकरंच कशावरून? इथे 'रात्रीचे पाहुणे' म्हणणाऱ्यांनी एक हंगाम आमच्या बांधावर झोपून बघावं. कधी कधी वाटतं, तारेत सरळ करंट सोडावा.

टिटवी | बुधवार, सकाळी ७:२०

दादा, नुकसान खरं आहे, ते कुणी नाकारत नाही. पण करंटचं नाव काढू नका.

उसाचाफड | बुधवार, सकाळी ७:२४

नाव काढलं, सोडला नाही. घरात पोरं आहेत.

जुनाबीटगार्ड | बुधवार, सकाळी ११:१०

तेच सांगणार होतो. घरची वीज तारेत सोडली की पहिला बळी बहुतेक वेळा गुरांचा किंवा पाणी द्यायला पहाटे निघालेल्या माणसाचा. असे पंचनामे मी पाहिलेत, त्यावर जास्त लिहवत नाही. शिवाय १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि माणूस गेला तर मनुष्यवधाचा गुन्हा, दोन्ही डोक्यावर.

सौरकुंपण वेगळं. त्यातलं यंत्र सुमारे सेकंदाला एक असा क्षणभराचा झटका सोडतं. झटका जोरदार, पण इतका थोडा वेळ की जनावर मागे उडतं, मरत नाही. अट एकच, तारेला गवत लागू द्यायचं नाही. गवत लागलं की झटका जमिनीत जातो आणि डुक्कर सरळ आत. निम्मी कुंपणं एवढ्यासाठीच वाया गेलेली पाहिली.

आणि पंचनाम्याचं: नुकसान दिसल्या दिवशीच ठसे, विष्ठा, मोडलेलं पीक यांचे फोटो काढून ठेवा, लेखी अर्जाची पोच घ्या. उद्या येतो म्हणणाऱ्याची वाट पाहू नका. डुकराच्या खुरामागे दोन छोटी खुरं वेगळी उमटतात, ती फोटोत आली पाहिजेत. मग 'कशावरून' विचारायला जागा राहत नाही.

पावशा | बुधवार, दुपारी १२:३०

विषयांतर: आमच्या लाकडाच्या ढिगात धामण निघाली. सात फूट तरी. सगळे काठ्या घेऊन धावले, मी नाही मारू दिली. टाळ्या नकोत, फक्त नोंद घ्या, कारण काल घुशीवरून माझी अब्रू गेली.

टिटवी | बुधवार, दुपारी १२:४४

अब्रू परत. धामण बिनविषारी, आणि तुमच्या घुशींचा हिशोब तीच चुकता करते. पण ढीग घराच्या भिंतीपासून लांब न्या. जिथे उंदीर तिथे साप, मग पुढचा नाग किंवा मण्यार असायचा. मण्यार रात्री फिरते, दंश कित्येकदा दुखतही नाही, झोपेतल्या माणसाला कळत नाही. चावल्याचा नुसता संशय आला तरी आवळपट्टी, चीरफाड, मंत्रतंत्र काही न करता थेट दवाखाना, जिथे प्रतिविष असेल तिथे.

परसातला | शुक्रवार, सकाळी ७:४५

तीन दिवसांचा अहवाल.

पहिल्या रात्री पट्ट्यावर पाच बोटांचे छोटे ठसे. उदमांजर. आईला म्हटलं, निम्मी जिंकलीस. दुसऱ्या रात्री सुरणाच्या वाफ्याशेजारी एक काटा, वीतभर, काळा-पांढरा. साळिंदर. कंदावर पटाशीचे चरे काकांनी सांगितले तसेच.

आज सकाळी मात्र पट्ट्यावर जे आहे त्याचा फोटो पाहा. नखं नाहीत. मागे तीन उंचवटे. रुंदी आगपेटीच्या दीडपट, मोजली तर साडेसात सेंटिमीटर. ठसे ओढ्याकडून येतात, पडवीच्या दिशेने वळतात आणि दहा पावलांवर थांबतात. तिथे बसल्याची खूण आहे. मग परत.

कुत्रा रात्री भुंकला नाही. एकदाही नाही. ते आठवलं आणि हात गार पडले.

शहरीपाव्हणा | शुक्रवार, सकाळी ७:५२

शेजारी बरोबर होता!!

उसाचाफड | शुक्रवार, सकाळी ७:५८

चेष्टा मागे घेतो. कुत्रा आज रात्री घरात. बाकी सगळं नंतर.

जुनाबीटगार्ड | शुक्रवार, सकाळी ८:४०

बिबट्याच आहे. वयात आलेली मादी किंवा तरुण नर, एका ठशावरून त्याहून जास्त बोलणं फुशारकी होईल. शेजाऱ्यांचं उत्तर बरोबर, पण पपईवरून काढलेलं. कावळा बसला आणि फांदी मोडली.

तो पपईसाठी आला नाही, तुमच्यासाठीही नाही. तो पडवीला बांधलेल्या कुत्र्यासाठी आला. अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतीवाडीतल्या बिबट्यांचा अभ्यास केला. जंगल नाही, ऊस आणि वस्ती. तिथे दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ मोठे बिबटे निघाले, आणि जवळपास तितकीच तरसं. त्यांनी विष्ठेतले केस तपासले, तर खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात ८७ टक्के पाळीव जनावरं. त्यातला सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. शेळ्या-वासरांपेक्षाही जास्त. बांधलेला कुत्रा म्हणजे ताट वाढून ठेवणं.

तेव्हा कुत्रा रात्री दाराआड. कोंबड्या-शेळ्या असतील तर गोठ्याला वरूनही जाळी, तो भिंत चढतो. खरकटं परसाच्या टोकाला टाकत असाल तर बंद करा. त्यावर भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे हा. अंधारात मागे जायचं तर एकट्याने मुकाट जाऊ नका. टॉर्च लावा, बोलत जा, मोबाइलवर गाणं लावा. लहान मूल अंधार पडल्यावर परसात नको, आणि आईंना उघड्यावर वाकून काम करू देऊ नका. बसलेला, वाकलेला माणूस त्याला उंचीने जनावरासारखा दिसतो. समोर आलाच तर पळू नका. उभे राहा, आवाज करा, त्याला जायला वाट ठेवा. वनखात्याची १९२६ ही विनाशुल्क हेल्पलाइन आहे, आजच नोंद द्या.

शहरीपाव्हणा | शुक्रवार, सकाळी ९:०५

पण पिंजरा लावून पकडून लांब जंगलात का सोडत नाहीत? सोपं आहे की.

जुनाबीटगार्ड | शुक्रवार, सकाळी ९:५०

सोपं वाटतं म्हणूनच केलं गेलं होतं. जुन्नर भागात २००१ ते २००३ या वर्षांत शंभराहून जास्त बिबटे पकडले आणि बरेच दूरच्या जंगलांत नेऊन सोडले. ज्या जंगलांत सोडले त्यांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. जनावराला जागा नवी, भक्ष्य कुठे माहीत नाही, वर पकडल्याचा ताण. आणि इथली रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या धरतो, बहुधा अजून फिरस्ता असलेला तरुण नर. तो तुमची वस्ती, तुमच्या वेळा ओळखत नाही. जुना ओळखत होता.

शिवाय मुख्य वन्यजीव रक्षकांच्या आदेशाशिवाय पिंजरा लागत नाही, आणि नुसता दिसला म्हणून तसा आदेश निघायलाही नको. हल्ला झाला तर गोष्ट वेगळी.

सोडलेला बिबट्या सोडल्या जागी राहत नाही, याचं माझं आवडतं उदाहरण: २००९ साली विहिरीत पडलेला एक वयस्क नर बाहेर काढून माळशेज घाटात सोडला, गळ्यात उपग्रहाचा पट्टा बांधून. अभ्यासकांनी त्याचं नाव आजोबा ठेवलं होतं. तो जवळपास १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी उद्यानापर्यंत गेला. वाटेत रेल्वे, महामार्ग, खाडी. एकाही माणसाला ओरखडा नाही. (विहिरीला कठडा ठेवलात ते फार चांगलं केलंत. बिनकठड्याच्या विहिरींनी किती जनावरं खाल्लीत, मोजदाद नाही.)

उसाचाफड | शुक्रवार, रात्री ९:१५

दिवसभर तोडणी होती, आता वाचलं. काकांचं पटतं, एक अनुभव सांगतो.

दोन वर्षांपूर्वी तोडणी चालू असताना सरीत बिबट्याची पिल्लं सापडली. दोन. डोळे नुकते उघडलेले. टोळीतले सगळे कोयते टाकून बांधावर. कुणी म्हणालं उचलून गावात न्या, कुणी म्हणालं फोटो काढा. वनखात्याची माणसं आली, त्यांनी पिल्लं तपासली आणि संध्याकाळी त्याच जागी, त्याच सरीत, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवली. सगळ्यांना लांब काढलं, कॅमेरा लावला. मी मनात म्हटलं, झालं, आज ही मरणार. रात्री साडेदहाला आई आली. क्रेट पंजाने कलंडला, एक तोंडात धरून गेली. पाऊण तासाने दुसऱ्यासाठी परत आली.

ती चित्रफीत माझ्या मोबाइलवर अजून आहे. डुकरांवरचा राग कायम आहे, हे वेगळं.

काजवा | शनिवार, सकाळी १०:२०

धागा वाचत होतो, आता बोलतो. माझ्याकडे कॅमेरा ट्रॅप पडून आहे, परसातला यांना व्यक्तिगत निरोप केलाय, महिनाभर वापरा. दोन-तीन गोष्टी सांभाळा. हा कॅमेरा अंगाची ऊब आणि हालचाल धरतो. समोर हलणारं गवत, तापणारा पत्रा असला की हजार रिकामे फोटो येतात. तोंड पूर्व-पश्चिमेला नको, उत्तरेकडे ठेवा. उंची गुडघ्याएवढी, उदमांजरासाठी त्याहून थोडी खाली. वाटेला आडवा लावू नका, तिरका लावा, म्हणजे जनावर जास्त वेळ चौकटीत राहतं. आणि त्याच्यासमोर काही खायला ठेवू नका. फोटो चांगले येतील, पण सवय लावल्याचं पाप तुमच्या माथी.

आणखी एक, शेजाऱ्यांच्या अंगणाकडे वळवू नका. आमच्याकडे एकदा त्यावरून भांडण झालं होतं. जनावर राहिलं बाजूला.

परसातला | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:४०

आठ रात्रींचा हिशोब. कॅमेऱ्यात उदमांजर सहा रात्री. साळिंदर तीन रात्री, त्यातल्या एका रात्री जोडी. त्यांच्या शेपटीतल्या पोकळ काट्यांचा खुळखुळ्यासारखा आवाज चित्रफितीत स्पष्ट येतो. रानमांजर एकदा. कोल्हा एकदा, खरकट्याच्या जुन्या जागी येऊन नुसता वास घेऊन गेला. एक गव्हाणी घुबड, जमिनीवर उंदीर धरताना. गावातलं एक मांजर, दररोज, कॅमेऱ्याच्या भिंगाला अंग घासत. पावशांसाठी खास: घूससुद्धा आहे.

बिबट्या एकदा. कुत्रा घरात घेतल्यानंतर तिसऱ्या रात्री, पहाटे ३:१२ ला. पडवीपर्यंत आला, दोर बांधायच्या खांबाचा वास घेतला, विहिरीवरून वळून ओढ्याकडे गेला. नंतर पाच रात्री नाही. शेजारच्या दादांना दाखवला. त्यांनी गावभर सांगितलं, पण पिंजऱ्याचं नाव न काढता. त्यांचाही कुत्रा आता आत असतो.

एवढे सगळे आधीपासूनच येत असणार. दीड वर्ष मी त्यांच्यामध्ये झोपलो होतो आणि मला फक्त पपई दिसली.

आता उरला माळा. आवाज चालूच आहे, शिवाय दोन दिवस बारीक चिवचिवल्यासारखं काहीतरी ऐकू येतं. उदमांजराची येण्याची फट सापडली, कौलांच्या टोकाला. उद्या गवंडी बोलावून बुजवून घेऊ का?

टिटवी | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:४८

नको!! चिवचिव म्हणजे पिल्लं. फट बुजवलीत तर आई बाहेर, पिल्लं आत, मग वास आणि कौलं उचकटणं, दोन्ही तुमच्या वाट्याला. पिल्लं साधारण तीन महिन्यांत दूध सोडतात. तोवर थांबा. मग फटीत कागदाचा बोळा सैल खुपसून ठेवा. दोन-तीन रात्री बोळा जागचा हलला नाही तर आत कुणी नाही, तेव्हा बुजवा. आणि कृपा करून वर चढून बघू नका.

परसातला | पुढचा रविवार, संध्याकाळी ७:३०

उशीर झाला, तुमचं उत्तर यायच्या आधीच चढलो होतो. टॉर्च एकदाच मारला. तीन आहेत.

आई खालून विचारत होती, मांजरच आहे ना? हो म्हटलं.